बियाण्याची शेंग

आबांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "दाणं हायती का घरात?" तब्येत, पोरांचा अभ्यास, माझी शाळा, हे सगळं मागाहून. मी सांगलीत राहते, हायस्कूलवर शिकवते. दाण्यांचा डबा रिकामा आहे असं चुकून जरी बोलले असते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीतून कुणाच्या तरी हाती पिशवी आली असती आणि वर्ग सोडून मला स्टँडवर पळावं लागलं असतं. म्हणून डब्यात काहीही असो, "भरपूर आहेत" असं सांगून मी मोकळी व्हायची.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन त्यांनी शेंगांचा नाद धरला. वर बर्फात पोस्टिंग असताना गूळ आणि शेंगदाण्यांनी आपल्याला जगवलं असं ते सांगायचे. खरं किती आणि मीठमसाला किती, कुणास ठाऊक. माझा धाकटा भाऊही फौजेत आहे. तो म्हणायचा, "आबा, आता आम्हाला काजू-बदाम मिळत्यात." त्यावर आबा त्याच्याकडे असं बघायचे की याला कोणी भरती करून घेतलं असेल.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कऱ्हाडच्या बाजूचं. गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नुसता ऊस. कुणाच्या घरी गेलं की ऊस, टोळी, तोडणीची तारीख, कारखान्याची चिठ्ठी, याच गप्पा. अशा गावात आबांनी विहिरीजवळचा तुकडा भुईमुगाला ठेवला होता. फुलं येऊन आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते दांडे, सुटायला लागल्या की ते पिकावरून मोकळा ड्रम लोळवायचे. त्यानं आऱ्या मातीत घुसतात आणि शेंगा जास्त धरतात. जुन्या लोकांना हे माहीत होतं. पण ज्यांनी जन्मात उसाशिवाय काही पाहिलं नव्हतं ती तरणी पोरं बांधावर उभी राहून व्हिडिओ काढायची. चांगलं उभं पीक हा म्हातारा ड्रमखाली का चिरडतोय, याचं त्यांना हसू यायचं. आबा त्यांनाच ड्रम ओढायला लावायचे.

शेंग लोकांनी खाल्ली पाहिजे, यासाठी त्यांनी काय काय केलं ते सांगायला गेलं तर मला अजून लाज वाटते. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस म्हणून पेन देण्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू द्या, असं भर सभेत सांगितलं. लग्नात गेले की आहेराबरोबर दाण्यांची पुडी. चहाच्या टपरीवाल्याला बिस्किटं काढून शेंगा ठेवायला लावल्या, त्यानं चार दिवस ठेवल्या आणि मग टपरीची जागा बदलली. एका नाताळच्या सुट्टीत उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन ते पाचगणीच्या रस्त्याला जाऊन बसले. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीवाले, मध्ये हे. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आतली बाई विचारायची, "स्ट्रॉबेरी नाही का?" आणि हे तिला शेंगेत ताकद किती असते ते सांगायला लागायचे. काच वर जायची. संध्याकाळी उरलेल्या शेंगा त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकल्या आणि घरी येऊन "लय खपल्या" म्हणून सांगितलं.

यातली गंमत घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. हे वाटलेले सगळे दाणे, त्या सगळ्या शेंगा बाजारच्या असायच्या. मलकापूरच्या दुकानातून आणलेल्या. घरची शेंग आबा कुणालाही देत नसत. जतकडच्या एका फौजी दोस्ताच्या घरून त्यांनी ती कधीतरी ओंजळभर आणली होती. लांबट शेंग, आत तीन दाणे, वर तांबडी साल. दोस्ताच्या आईनं ती आबांना एकदाच खाऊ घातली होती आणि तेवढ्यावरच आबा वेडे झाले होते. तेव्हापासून ते ती पेरत होते. पण कधी पेरलेला दाणा कावळ्यांनी उकरला, कधी काढणीच्या वेळी पावसानं शेंगेला कोंब आले, कधी डुकरं शिरली. दर वर्षी हाती यायची ती पुढच्या पेरणीपुरती. ती पोत्यात भरून मधल्या खोलीत कोठीमागे जायची आणि आबा आईला सांगायचे, "बियाण्याला हाय. हात लावायचा न्हाई."

बियाण्याला हाय. हे दोन शब्द आमच्या घरात इतक्यांदा ऐकलेत की लहानपणी भावाला वाटायचं, बियाणं नावाचं कुणीतरी माणूस आहे आणि चांगलं-चुंगलं सगळं त्याच्यासाठी ठेवायचं असतं. आई आमटीला, चटणीला, संकष्टीच्या खिचडीला बाजारचे दाणे वापरायची. त्यात हटकून एखादा खवट निघायचा आणि सगळा घास कडू करून जायचा. एकदा पाहुणे आलेले, डब्यात दाणे नव्हते, आणि आईनं कोठीमागच्या पोत्याची सुतळी सोडली. आबा तिला चारचौघांत काही बोलले नाहीत. नुसते जाऊन पोत्यासमोर खुर्ची टाकून बसले, पाहुणे जाईपर्यंत. आईनं त्या दिवशी पिठलं केलं. "औंदा राहू दे, पुढल्या साली खाऊ," असं आबा तिला नंतर म्हणाले. ते ते दर साली म्हणायचे.

शेवटच्या वर्षी मात्र शेंग धरली. कधी नव्हे ते पोतं काठोकाठ भरलं. आबांच्या डोक्यात तीन वर्षं घोळत असलेला बेत होता, की ज्यांचा सुरू ऊस, म्हणजे थंडीत लावलेला, आहे त्यांना सरींच्या मधे भुईमूग घालायला लावायचा. ऊस मोठा व्हायच्या आत शेंग निघून जाते, जमिनीलाही बरं. ते रोज कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचे. चौघं कसेबसे तयार झाले. त्यातला एक गावच्या सोसायटीचा जुना चेअरमन. पद जाऊन जमाना झाला, पण गाव त्याला अजून चेअरमनच म्हणतं. तो आबांचा वर्गातला सोबती आणि सगळ्यात मोठा टवाळ. "आबा, तुझ्या शेंगंपायी माझा ऊस वाळला तर तुला चिपाडावर बसवीन," असं म्हणून तो तयार झाला. संक्रांत झाली की चौघांनी येऊन बियाणं न्यायचं ठरलं. आबांनी मला त्यासाठी खास फोन केला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या घरातल्या दाण्यांची चौकशी केली नाही.

संक्रांत झाली आणि आबा गेले. सकाळी ओट्यावर पोतं ओतून पोचट शेंगा वेगळ्या काढत बसले होते. आई चहा घेऊन बाहेर आली तर ते शेंगांच्या ढिगावर कलंडलेले. मी सांगलीहून पोचले तोवर त्यांना आत आणून निजवलं होतं. कुणीतरी ओट्यावरच्या शेंगा गोळा करून परत पोत्यात भरल्या होत्या, निवडलेल्या आणि पोचट एकत्रच.

मला रडू आलं नाही. दाबून ठेवलं असंही नाही, आत दाबण्यासारखं काही नव्हतंच. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या, हंबरडा फोडायच्या. मी त्यांच्या खांद्यावरून समोरचं कॅलेंडर बघत उभी राहायची. त्या महिन्याच्या सगळ्या एकादश्या मला पाठ झाल्या. आईही रडली नाही. ती भिंतीला टेकून बसायची आणि कुणी पाणी दिलं की प्यायची. बायका आपापसात म्हणायच्या, धक्का बसलाय. मला वाटायचं, बसला असेल तर कळेल तरी.

सुतकात घरची चूल पेटवायची नव्हती. शेजारची काकू, म्हणजे आमच्या भावकीतली चुलती, तिच्या घरून दोन्ही वेळचं आणायची. सुतकाचं जेवण, फोडणी नाही, तळण नाही. भात, बिनफोडणीचं वरण, भाकरी. ते पुढ्यात आलं की मी खायची. आवडलं, नावडलं असं काही नव्हतं.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडे बायकाही जातात. भावानं पिंड ठेवला, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. पलीकडच्या करंजाच्या झाडावर कावळे होते, पुष्कळ होते. खाली कुणी येईना. जरा वेळानं भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोलून घ्या. भाऊ हात जोडून पुढे झाला.

"आबा, आईला सांभाळीन. तिला काही कमी पडू देणार न्हाई."

कावळे जागचे हलले नाहीत. काकूनं आईला हाताला धरून पुढे केलं. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि नदीकडे बघून म्हणाली, "माझी काळजी करू नगा. मी ऱ्हाईन नीट." ती बोलून झाल्यावरही तशीच उभी राहिली, काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. मग भावानं माझं नाव घेऊन, बहिणीला अंतर देणार नाही, असं सांगितलं. तेव्हा तर झाडावरच्या एका कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन तापायला लागलं होतं. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. एवढ्यात मागून चेअरमनचा आवाज आला.

"आरं, शेंगंचं बोला की कुणीतरी."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. तो आसामातून आलेला, त्याला बेताचं काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी पुढे झाले. म्हणाले, "आबा, बियाणं ज्याचं त्याला पोचतं करीन. चौघांच्या उसात शेंग पेरून घेईन."

हात जोडेपर्यंत कावळा खाली. एक आला, त्याच्या मागून दोन आले, पिंडाचा चुराडा केला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, दोघंतिघं हसलेही. "बगा, जीव शेंगंतच हुता," कुणीतरी म्हणालं. मी मनात म्हटलं, का नाही यायचे. इतकी वर्षं पेरलेल्या दाण्यावरून या माणसाची आणि कावळ्यांची मारामारी. आबा गोफण घेऊन बांधावर, हे झाडावर. शेंग म्हटलेलं गावात दुसऱ्या कुणाला नाही पण यांना नक्की कळत असणार.

संध्याकाळी मी आईच्या शेजारी बसले होते. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "माझं बोलले तवा जागचा हलला न्हाई."

"कोण?"

"कावळा."

मी तिला समजावलं. लोक फार जवळ उभे होते, मी बोलले तेव्हा मागे सरले होते, त्याच वेळी वारा पडला. शाळेत पोरांना समजावते तसं एकेक करून समजावलं. "आई, कावळा तो. भूक लागली की येतो."

"व्हय," आई म्हणाली. "भूक लागली की येतो."

एवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी चौघांना फोन केले. तेराव्याला जेवायला याल तेव्हा पिशव्या घेऊन या, बियाणं देते, आठ दिवसांत पेरा. मी हे आईसमोरच बोलत होते. चेअरमन म्हणाला, "यतो की. कावळ्याच्या साक्षीनं झालंय आता, न यऊन सांगू कुणाला." मला त्या कामाचा आधार वाटला. बाकी कशात जीव नव्हता. पण चार माणसांना बियाणं द्यायचं आहे आणि मी ते देणार आहे, एवढं सकाळी उठल्यावर आठवायचं. आबांचं म्हणून माझ्या हाती उरलेलं तेवढंच होतं. नदीवर गावासमोर बोलून गेले होते ते वेगळंच.

तेराव्याला दारात मांडव घातला. आचाऱ्यानं बुंदी आणि भात केला. भाजी-आमटी भावकीतल्या बायकांनी अंगावर घेतली होती, म्हणजे काकू आणि तिच्या बरोबरच्या. मी सकाळपासून भावाबरोबर विधीला बसले होते. नंतर पंगत बसल्यावर वाढायला उठले. चौघं एका ओळीत बसले होते. पिशव्या त्यांनी मांडीखाली घेतल्या होत्या. एकानं तर खताचं रिकामं पोतं आणलं होतं.

दाण्याची आमटी वाढली गेली. दाण्यांचं वाटण घालून केलेली, दाट, वर तेलाचा तवंग. आमच्या भागात ती काही नवलाची नाही, पण त्या दिवशी पंगतीचा आवाज कमी झाला. माणसं ताटात भात असताना नुसती आमटी ओरपत होती. काकूचं पातेलं पुढे जायच्या आत मागून हाक यायची. चेअरमननं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या आईला विचारलं.

"आवं वैनी, दाणा कुठनं आणला ह्यो? आमच्याकडं असला कुठं मिळत न्हाई."

"घरचाच हाय," आई म्हणाली. "वाढू का आनी?"

हे मी ऐकलं. बुंदीचं ताट हातात घेऊन मी चार हातांवर उभी होते, अगदी स्वच्छ ऐकलं. आणि पुढच्या माणसाला बुंदी वाढली. ऐकलेलं डोक्यापर्यंत पोचायला त्या दिवसांत वेळ लागायचा, किंवा पोचायचंच नाही. चेअरमनच्या शेजारचा म्हणाला, "लय गोड दाणा हाय," आणि मी त्यालाही बुंदी वाढली.

जेवणं झाली. चौघं हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून ओट्यापाशी आले. चेअरमन म्हणाला, "चला ताईसाहेब, आना तुमचं बियाणं. आबा वरनं बघतुया." मी आत गेले. तेरा दिवसांत पहिल्यांदाच माझी पावलं जरा भरभर पडत होती. मधल्या खोलीत अंधार होता. मी दिवा लावला, कोठीमागे हात घातला. पोतं तिथं होतं. घडी घातलेलं, आणि घडीवर सुतळीची गुंडाळी नीट ठेवलेली. आई रिकामी पोती अशीच ठेवते.

मी ते उलगडून बघितलं. तळाला माती आणि दोन टरफलं. मग ते "घरचाच हाय" माझ्यापर्यंत आलं.

मला राग आला. इतका आला की कानशिलं गरम झाली. इतक्या दिवसांत काहीतरी वाटलं ते हे. आबा गेल्याचं नाही, पोतं रिकामं झाल्याचं. मी तशीच बाहेर आले, पोतं हातात घेऊन.

"संपलं," मी म्हणाले. "आत्ता जेवलात ना आमटी, तीच ती शेंग."

चौघं माझ्या हातातल्या पोत्याकडे बघत राहिले. ज्यानं खताचं पोतं आणलं होतं त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी... भाजली व्हय?"

"न भाजता आमटी करत्यात व्हय रं?" काकू मागून म्हणाली. तिला खरोखर काही माहीत नव्हतं. पहाटे आईनं पोतं ओढत आणून तिच्या पुढ्यात टाकलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, की ही घ्या आमटीला. काकूनं आणि बायकांनी बसून फोडली, भाजली, वाटली. कुणालाच बियाणं म्हणून सांगितलेलं नव्हतं. काकूनं तोंडावर हात ठेवला. भाजलेला दाणा उगवत नाही, हे सांगायला तिथं कुणाची गरज नव्हती.

चेअरमननं खांबाला टेकून सुपारी थुंकली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "इतकी वर्सं आमच्या कानाशी वरडला ह्यो मानूस," तो म्हणाला. "खवाट दाणं खिशातनं काडून घालायचा आनी घरच्या शेंगंचं गुणगान गायाचा. एकदा ही आमटी घातली आसती तर मी पयल्याच साली पेरली आसती की रं." आणि तो "रं" आबांना होता, तिथं नसलेल्या. आबांनी हे ऐकायला हवं होतं असं मला वाटलं नाही. ऐकलं नाही तेच बरं झालं असं वाटलं.

चौघं रिकाम्या पिशव्या घडी करून काखेत मारून गेले. पुढं त्यातल्या दोघांनी दुकानातून बियाणं आणून उसात भुईमूग केला. अजून करतात. चेअरमन त्यातला एक. उन्हाळ्यात काढणी झाली की तो आईला पाटीभर शेंगा आणून देतो आणि चहा पिऊन जातो. चांगली भरलेली शेंग असते, दोन दाण्यांची. पोरांच्या व्हिडिओत आता तो ड्रम लोळवताना दिसतो. मी मधे जतला त्या फौजी दोस्ताच्या घरी जाऊन आले. तिथं द्राक्षबाग आहे. त्याच्या सुनेनं मला द्राक्षं दिली. तीन दाण्यांची तांबडी शेंग म्हटल्यावर तिनं ती कधी पाहिली नाही म्हणून सांगितलं. विहिरीजवळच्या तुकड्यात भावानं ऊस लावलाय.

त्या संध्याकाळी मांडव सोडून नेल्यावर मी आईसमोर बसले. राग तोवर निवत आला होता आणि त्याच्या जागी पुन्हा तेच, काहीच नाही. तरी मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"का घातलीस? मी गावासमोर बोलून बसले होते."

आई परातीतला उरलेला भात एका डब्यात काढत होती. "खायाची वस्तू हुती," ती म्हणाली. "किती दीस ठेवायची?"

"चार घरी गेली असती. पुढल्या वर्षी पोतीच्या पोती खाल्ली असती सगळ्यांनी."

"पुढल्या साली," आई म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं नाही. आबांची नक्कलही केली नाही. डब्याचं झाकण लावलं आणि हात पदराला पुसले.

शेवटी मी विचारलं, "तू खाल्लीस का?"

"समद्यांच्या आदी. काकूनं पातेलं उतरीवलं तवाच घितली. वाटी भरून घितली. चुलीम्होरं बसून खाल्ली."

"मग? कशी होती?"

ती आठवायला लागली. आठवताना तिची जीभ ओठांवरून फिरली, जसं अजून कुठंतरी काही राहिलंय का ते बघावं.

"समदी म्हनत हुती लय गोड हाय," ती म्हणाली. "मला काय कळंना गं. नुसतं गरम लागलं."